अंगावरून पांढरं जाणं, खाज, फोड, जळजळ : आधी तपासा, मग औषध घ्या

मी लॅब टेक्निशियन आहे. तालुक्याच्या गावात, सरकारी दवाखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होते, आता एका खाजगी लॅबमध्ये. रक्त-लघवी तर सगळेच देतात, पण खालच्या अंगाचा स्वॅब घेऊन आलेली बाई किंवा व्हीडीआरएलची (गरमी म्हणजे सिफिलिससाठीच्या रक्ताच्या टेस्टची) चिठ्ठी घडी करून मुठीत धरलेला पोरगा, यांच्याशी बोलताना मला कायम एकच गोष्ट दिसते ती म्हणजे ही माणसं आमच्यापर्यंत पोचेपर्यंत चार औषधं करून आलेली असतात. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या, जावेने सांगितलेला काढा, मोबाईलवर बघून मागवलेला वॉश. आणि त्रास तसाच. म्हणून हे लिहितेय, सविस्तर लिहितेय, कारण या विषयावर मराठीत एकतर खूप घाबरवणारं सापडतं नाहीतर औषधाची जाहिरात.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. घरात म्हणतात उष्णता वाढलीय, सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी. आता आधी हे सांगते की थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं हे नॉर्मल आहे, पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट जातं, पाळीच्या आधी जरा घट्ट जातं, गरोदरपणात वाढतं, त्याला वास नसतो आणि खाज नसते. त्याला औषध लागत नाही. पण वास, खाज, जळजळ, रंग बदलणं, संबंधाच्या वेळी दुखणं यातलं काही असेल तर ते इन्फेक्शन असू शकतं, आणि पुढचा मुद्दा असा की ही तक्रार एकच वाटली तरी त्यामागे निदान तीन वेगवेगळे गुन्हेगार असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

पहिला म्हणजे फंगस, कॅन्डिडा. दह्यासारखं, फाटलेल्या दुधासारखं जातं, वास फारसा नाही पण खाज अशी की रात्री झोप येत नाही, लघवी त्या जागेला लागली की आग होते. हा बहुतेक वेळा संबंधातून आलेला नसतो. आपल्याच शरीरात थोडा असतो, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गरोदरपण आलं, शुगर वाढली की माजतो. दुसरा म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात खाज कमी, पण पातळ करडट पांढरं जातं आणि मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर तर जास्तच. योनीमार्गात चांगले बॅक्टेरिया असतात, लॅक्टोबॅसिलस, ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवून तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात. ते कमी झाले की बाकीचे बॅक्टेरिया वाढतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. तिसरा ट्रायकोमोनास, हा परजीवी आहे आणि हा मात्र संबंधातूनच येतो. हिरवट-पिवळसर, फेसाळ, घाण वास, आणि आतली त्वचा लालभडक.

हे वर्णन वाचून तुम्ही म्हणाल मग मला कळलं की, माझं हे अमुक आहे. नाही कळत. डॉक्टरांनाही नुसत्या वर्णनावरून खात्री देता येत नाही, निम्म्या बायकांना पुस्तकातल्यासारखी लक्षणं नसतातच, आणि दोन इन्फेक्शन एकत्र असणं तर नेहमीचं.

मायक्रोस्कोपखाली मात्र हे तिघे अगदी वेगळे दिसतात. स्वॅब आला की मी काचेच्या पट्टीवर सलाईनचा एक थेंब घेते, त्यात स्वॅब फिरवते, वर कव्हरस्लिप ठेवते आणि लगेच बघते. लगेच म्हणजे लगेच, कारण ट्रायकोमोनास जिवंत असेपर्यंतच ओळखता येतो. पू-पेशीएवढाच, नासपतीच्या आकाराचा, पण झटके देत देत पळत असतो, पुढच्या बाजूला बारीक शेपट्या हलताना दिसतात. तोच स्वॅब टेबलावर अर्धा तास पडून राहिला की तो गार पडतो, हलायचा थांबतो आणि मग बाजूच्या पू-पेशींत आणि त्याच्यात फरक करणं कठीण. कितीतरी रिपोर्ट निगेटिव्ह जातात ते या उशिरामुळे. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर त्वचेच्या मोठ्या चपट्या पेशी दिसतात आणि त्यांच्या कडा स्वच्छ रेघेसारख्या न दिसता बॅक्टेरिया चिकटून धूसर झालेल्या असतात, त्यांना क्ल्यू सेल म्हणतात. मग दुसऱ्या पट्टीवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकते, त्याने बाकीच्या पेशी विरघळतात आणि फंगस असेल तर त्याचे लांब धागे आणि कोंब फुटलेल्या गोल पेशी स्पष्ट दिसायला लागतात. आणि तो थेंब टाकल्या टाकल्या मासळीचा वास आला तर तोही व्हजायनोसिसचा पुरावा. एवढी सगळी टेस्ट पंधरा मिनिटांत होते, स्वस्त आहे, पण ती लिहूनच दिली जात नाही बऱ्याचदा, थेट तीन औषधं एकत्र असलेली गोळी लिहिली जाते.

या तिघांची औषधं सांगते, पण त्यांचा डोस मुद्दाम देत नाही. फंगसला फ्लुकोनॅझोलची गोळी किंवा क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या, गरोदर बाईला पोटातली फ्लुकोनॅझोल टाळतात आणि आत ठेवायचीच देतात. व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासला मेट्रोनिडॅझोल किंवा त्याच कुळातली सेक्निडॅझोल. म्हणजे फंगस असताना मेट्रोनिडॅझोल खाल्लं तर उपयोग शून्य, उलट फंगसला रान मोकळं. आणि अँटिबायोटिक अर्धवट सोडलं की परत तेच. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्याला औषध द्यावंच लागतं, त्याला काही त्रास नसला तरी. पुरुषांत बहुतेक वेळा लक्षणं नसतात, तो म्हणतो मला काय झालंय, मी कशाला गोळी खाऊ, आणि बायको महिन्याभरात परत स्वॅब घेऊन माझ्यासमोर. व्हजायनोसिसमध्ये इतकी वर्षं जोडीदाराला औषध देत नव्हते, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पुरुषालाही गोळ्या आणि मलम दिल्यावर बायकांमध्ये परत होण्याचं प्रमाण बरंच कमी झालं, त्यामुळे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

आणि हो, ते वॉश. योनीमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो. आत साबण, जंतुनाशक, सुगंधी लिक्विड काही घालायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरतं. ज्या बायका सगळ्यात जास्त धुतात त्यांनाच व्हजायनोसिस परत परत होताना मी बघते.

एक बाई आली होती, चाळिशीची, सोबत सासू. तिला काही विचारलं की सासूच उत्तर देणार. शेवटी मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा, स्वॅबला आत एकटंच लागतं." दार लावल्यावर ती म्हणाली, "ताई, दोन वर्षं झाली खाजतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात तूच कुठून तरी आणलं असशील." मी शुगर करायला लावली, तीनशेच्या वर. तिला डायबेटीस होता आणि कुणालाच माहीत नव्हता, फंगस त्यामुळे जात नव्हता. आणि दोन वर्षं तिच्यावर संशय.

हे मी ठासून सांगते की खालच्या अंगाचं प्रत्येक इन्फेक्शन म्हणजे बाहेरख्यालीपणा नव्हे. फंगस आणि व्हजायनोसिस संबंधाशिवायही होतात. क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास शरीरात महिनोन्महिने गप्प राहू शकतात, हर्पिस आणि एचपीव्ही हे व्हायरस (यांचं पुढे सांगते) तर वर्षानुवर्षं, म्हणजे लग्नाच्या आधीचं आत्ता बाहेर येऊ शकतं आणि ते कुणाकडून आलं हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. रिपोर्ट हातात घेऊन भांडण करण्यापेक्षा दोघांनी तपासून घ्यावं.

पुरुषांचं सांगते. शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, कातडीला बारीक चिरा, पांढरा थर, हा पण बहुतेक वेळा फंगसच, आणि कित्येक पुरुषांचा डायबेटीस याच्यामुळेच पहिल्यांदा पकडला जातो. अजून एक, ज्यांना आधीच डायबेटीस आहे आणि नावात ग्लिफ्लोझिन असलेली गोळी चालू आहे (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, २०२० नंतर स्वस्त झाल्यामुळे आता गावोगाव दिली जाते), त्यांच्या लघवीतून साखर बाहेर पडते, गोळीचं कामच ते आहे, आणि त्या साखरेवर फंगस वाढतो. बायकांनाही होतं. गोळी चांगली आहे, मनाने बंद करू नका, पण लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करा आणि खाज सुरू झाली तर ज्यांनी गोळी दिली त्यांनाच सांगा, बहुतेक लोक शुगरच्या डॉक्टरला खाज सांगतच नाहीत.

जांघेतली खाज मात्र वेगळी. गोल कडा असलेला, मधे साफ होत जाणारा चट्टा म्हणजे गजकर्ण, नायटा. तो गुप्तरोग नाही. पण यावर मेडिकलमधून जी ट्यूब मिळते तिच्यात फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जबरदस्त स्टिरॉईड सगळं एकत्र असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज बंद, माणूस खूश, आणि आत फंगस पसरत राहतो. जांघेची कातडी पातळ, तिथे स्टिरॉईडने कायमचे लाल-पांढरे वळ उठतात, पोट सुटल्यावर येतात तसे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नेहमीच्या औषधाला दाद न देणारा नायटा इतका वाढलाय त्याला या ट्यूबांचाही हातभार आहे. ट्यूबच्या डबीवर बारीक अक्षरांत कंटेंट लिहिलेला असतो, तो वाचा, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांशिवाय लावू नका.

आता ज्यांना जुनी माणसं परमा आणि गरमी म्हणायची ते. परमा म्हणजे गोनोरिया. पुरुषात संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत लघवीच्या जागेतून घट्ट पिवळा पू, चड्डीला डाग, लघवीला काचेने कापल्यासारखं. पुरुष यासाठी धावत येतो. बाईला मात्र बऱ्याचदा काहीच कळत नाही. पुवाची स्लाईड ग्रॅम स्टेनने रंगवली की पू-पेशींच्या पोटात लाल जोड्या दिसतात, कॉफीच्या बिया समोरासमोर ठेवल्यासारख्या, पुरुषात एवढ्यावर निदान होतं. पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिनने बरा व्हायचा, आता त्या गोळीला हा जंतू भीक घालत नाही, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन किंवा सेफिक्झिम लागतं. तरी अजून मेडिकलवर लोक सिप्रो मागतात.

क्लॅमिडिया हा त्याचा गप्प भाऊ, बहुसंख्य बायकांना काहीही लक्षण नाही. पण आतून गर्भनलिकांना सूज येऊन त्या चिकटतात आणि पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे) केल्यावर कळतं की दोन्ही नळ्या बंद. किंवा गर्भ नळीतच राहतो. हा साध्या मायक्रोस्कोपने दिसत नाही, पीसीआरसारखी टेस्ट लागते, ती मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावी लागते, पुरुषाला पहिल्या धारेची लघवी पुरते. औषध साधं आहे, डॉक्सिसायक्लिन आठवडाभर, गरोदर असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी खोलवर कळ येते अशा बाईने मात्र घरी एक दिवसही थांबू नये.

गरमी म्हणजे सिफिलिस आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण हा फसवतो. पहिली जखम साधारण तीन आठवड्यांनी येते, कडक कडांची, आणि ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही आठवड्यांत ती औषधाशिवाय आपोआप भरते. माणसाला वाटतं बरं झालं, लावलेल्या मलमाला यश. पुढे अंगावर, तळहातावर, तळपायावर न खाजणारे तांबूस डाग, तेही जातात. मग वर्षानुवर्षं शांत. आणि कुणाकुणाला दहा-वीस वर्षांनी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, मेंदूवर. म्हणून जननेंद्रियावर न दुखणारी जखम दिसली तर ती बरी झाली तरी रक्त तपासा.

रक्ताच्या रिपोर्टवरून फार गोंधळ होतो. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाळणी टेस्ट आहे, ती गरोदरपणात, मलेरियात, काही सांधेदुखीच्या आजारांतही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी, जास्त नेमकी रक्ताची टेस्ट करून खात्री करायची. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांत ट्रीटमेंट झाली तरी जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे ती परत परत करून रडत बसायचं नाही. बरं झालंय का ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं, १:३२ चा १:८ झाला म्हणजे चौपट उतरला, औषध लागू पडलं. औषध अजून तेच, १९४३ मध्ये पहिल्यांदा यावर वापरलेलं पेनिसिलिन, आता बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, ढुंगणावर, दुखतं फार. ऐंशी वर्षं झाली तरी सिफिलिसचा जंतू पेनिसिलिनला शरण येतो. इंजेक्शननंतर त्याच रात्री थंडी-ताप येऊ शकतो, जंतू मरत असल्यामुळे, त्याला अ‍ॅलर्जी समजून पुढचं इंजेक्शन सोडू नका, पण डॉक्टरांना कळवा. गरोदर बाईची व्हीडीआरएल पहिल्या तपासणीतच करतात ती यासाठी की बाळ पोटात दगावू शकतं, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं. ती टेस्ट राहिली असेल तर मागून घ्या.

दुखणारे, पाण्याने भरलेले बारीक फोड घोसाने आले, फुटून आग होतेय, तर बहुधा हर्पिस. अ‍ॅसायक्लोव्हिर पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर चांगला फरक पडतो. व्हायरस शरीरातून जात नाही, पण पुढचे हल्ले बहुधा सौम्य आणि कमी होत जातात, आयुष्य काही संपत नाही. लोक घाबरून हर्पिसची आयजीजी ही रक्ताची टेस्ट करून येतात, ती कितीतरी निरोगी माणसांत पॉझिटिव्ह असते कारण लहानपणी ओठाला आलेल्या तापाच्या फोडांचा (जर) व्हायरस याच कुळातला, फोड नसताना ती करण्यात पैसे घालवू नका. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मऊ मोड म्हणजे एचपीव्हीचे चामखीळ, डॉक्टर औषध लावून किंवा गोठवून काढतात, घरी चुना लावून जाळायचे प्रकार मी पाहिलेत, कृपा करून नको. एचपीव्हीचे दुसरे प्रकार, मुख्यतः १६ आणि १८, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतात. त्याची लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे, सर्व्हाव्हॅक, २०२३ मध्ये बाजारात आली, ९ ते १४ वर्षांच्या मुलींना दोन डोस. तुमच्या मुलीच्या वयाला बसत असेल तर पेडियाट्रिशियनला या महिन्यातच विचारा.

बायका बोलत नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि तिचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या गडचिरोलीतला आहे. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार, आणि त्याआधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. जगाने तोपर्यंत खेड्यातल्या बाईकडे बाळंतपणापलीकडे बघितलंच नव्हतं. त्याच्याही आधी र. धों. कर्वे १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिकात या विषयांवर उघड लिहीत होते, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू मांडली. आणि आज माझ्या काउंटरवर शिकलेली पोरगी चिठ्ठीवरचं नाव वाचायला लाजते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात जा. जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक असतं, समुपदेशक असतात, औषध फुकट. तिथे रंगांवरून ओळखायचे औषधांचे किट असतात, लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडं, अंगावरून जाण्याला हिरवं, न दुखणाऱ्या जखमेला पांढरं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर निळं, हर्पिसला लाल, ओटीपोटात दुखण्याला पिवळं, जांघेत अवधान (सुजलेली गाठ) आलं असेल तर काळं. टेस्टची सोय नसेल तिथेही लक्षणांवरून त्याच दिवशी उपचार व्हावा म्हणून ही पद्धत आहे. किट देताना जोडीदारालाही बोलावतात, टाळू नका. एचआयव्हीची तपासणी तिथेच आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) होते, गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कुठलंही असं इन्फेक्शन सापडलं की एचआयव्ही करून घ्यावीच कारण जखम, सूज असली की तो सहज शिरतो. काल-परवा कंडोमशिवाय जोखमीचा संबंध झाला असेल तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळणाऱ्या पीईपी नावाच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायच्या, जितक्या लवकर तितकं चांगलं, त्यासाठी सोमवारपर्यंत वाट बघू नका, कॅज्युअल्टीत जा. शंका असेल तर १०९७ हा नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

तरुण मुलाला अचानक एका वृषणात जोरात दुखायला लागलं तर मात्र ते इन्फेक्शन समजून गोळी खात बसू नका, वृषणाला पीळ बसलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन लागतं.

स्वॅब द्यायला येणार असाल तर आदल्या दोन दिवसांत आत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, संबंध नको, आतून धुऊ नका, पाळी चालू असेल तर संपल्यावर या. पुरुषांनी पुवाची किंवा क्लॅमिडियाची टेस्ट असेल तर निदान एक-दोन तास लघवी न करता या. आधी खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं, लावलेल्या ट्यूबा, जुने रिपोर्ट पिशवीत घालून आणा, लाजून घरी ठेवू नका, आम्हाला आणि डॉक्टरांना त्यातूनच सगळ्यात जास्त कळतं.